ज्युदोची आंतरराष्ट्रीय खेळाडू कशी घडते? पुण्यातल्या आपल्या मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी



ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी अशा भागांत मुलींच्या खेळाचा विषय काढला की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. ज्युदो म्हणजे कराटेच ना? हातपाय मोडला तर पुढे लग्नाचे काय? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, यातून नोकरी लागते का? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ज्या घरात आई चार घरची कामे करते आणि वडील रिक्षा चालवतात, त्या घराने मुलीची रोजची दोन तास मेहनत कशात घालायची, हे विचारलेच पाहिजे. त्या प्रश्नांची उत्तरे द्यायला हा लेख लिहीत आहोत.

आधी एक आकडा पाहू. 2000 च्या सिडनीपासून 2024 च्या पॅरिसपर्यंत सात ऑलिंपिक झाली. त्यांत ज्युदोमध्ये भारताच्या सहा महिला उतरल्या: ब्रोजेश्वरी देवी, तोंबी देवी, दिव्या तेवर, गरिमा चौधरी, सुशीला देवी आणि तुलिका मान. यांतल्या ब्रोजेश्वरी, तोंबी आणि सुशीला या तिघी एकट्या मणिपूरच्या. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मणिपूरची लोकसंख्या 28 लाखांच्या थोडी वर होती, आणि पुणे महापालिकेची 31 लाख. आपल्या शहराहून लहान राज्याने तीन ऑलिंपिक खेळाडू दिल्या. महाराष्ट्राचे नाव या यादीत नाही. बालेवाडीसारखे क्रीडासंकुल आपल्या शहरात 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून उभे आहे. 2019 च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथेच झाल्या, त्यांत ज्युदोही होता, आणि सगळ्या खेळांची मिळून 228 पदके घेऊन महाराष्ट्र पहिला आला. म्हणजे अंगात दम नाही असे नाही. मग गाडी कुठे अडते?

खेळ नेमका काय आहे

कराटेत ठोसा आणि लाथ असते. ज्युदोत दोन्ही नाहीत. आपल्या कुस्तीच्या तो जास्त जवळचा आहे. फरक असा की पैलवान उघड्या अंगाला धरतो आणि ज्युदोत समोरच्याचा पोशाख धरायचा असतो. त्या जाड सुती अंगरख्याला ज्युदोगी म्हणतात. कॉलर आणि बाही पकडायची, समोरचीचा तोल बिघडवायचा आणि तिला पाठीवर आपटायचे. जोराने, वेगाने, पूर्ण पाठीवर पाडले की ‘इप्पॉन’ मिळतो आणि लढत तिथेच संपते. कुस्तीत चितपट, तसेच. पाडणे थोडे कमी पडले तर ‘वझाआरी’. दोन वझाआरी मिळून एक इप्पॉन होतो. त्याहून कमी गुणाचा ‘युको’ 2017 मध्ये काढून टाकला होता, तो 2025 पासून परत आला आहे. जमिनीवर वीस सेकंद दाबून धरले तरी इप्पॉन. मोठ्या वयोगटात हाताला पेच घालून किंवा गळा आवळून समोरचीला हार मानायला लावता येते. हार मानायची खूण म्हणजे दोनदा थोपटणे. थोपटले की त्या क्षणी सोडायचे, यात तडजोड नाही.

लढत चार मिनिटांची. बरोबरी राहिली तर ‘गोल्डन स्कोअर’, म्हणजे जी आधी गुण घेईल ती जिंकली. नुसते पळत राहिले, पकड टाळली तर पंच ‘शिदो’ देतात आणि तिसऱ्या शिदोला बाद करतात. महिलांचे वजनगट सात आहेत: 48, 52, 57, 63, 70, 78 आणि 78 किलोच्या वर. म्हणजे बारीक चणीच्या मुलीलाही इथे जागा आहे आणि जाड म्हणून वर्गात चिडवल्या जाणाऱ्या मुलीलाही. आमच्या मते हे या खेळाचे मोठेच बलस्थान आहे, आणि त्याकडे पालकांचे लक्ष जात नाही.

बारा चटयांची सुरुवात

आपल्या वाचकांना एक गोष्ट माहीत असायला हवी. ज्युदोची पहिली शाळा एका बौद्ध विहारात भरली. 1882 मध्ये टोकियोतल्या एइशो-जी या विहारात जिगोरो कानो नावाच्या एकविशीतल्या तरुणाने एक खोली घेतली. जागा बारा तातामींची. एक तातामी साधारण सहा फूट बाय तीन फूट धरली तर हे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतच बसते. नऊ विद्यार्थी होते. पोरे आपटायची, जमीन हादरायची, पूजास्थानातल्या स्मृतिपाट्या पडायच्या, आणि विहाराचे प्रमुख भिक्खू वैतागायचे, असे कानोंनी आठवणींत सांगितले आहे. आपल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये पोरे खेळायला लागल्यावर समितीचे ज्येष्ठ काय म्हणतात, ते आठवून पाहा.

इथे सावध राहायला हवे. या एका गोष्टीवरून ज्युदो हा बौद्ध खेळ आहे असे कुणी लिहिले, तर ते पुढे पाठवू नका. कानो शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी ज्युदो कुठल्याही धर्माशी बांधला नाही. कमीत कमी शक्तीत जास्तीत जास्त काम आणि परस्परांचे भले ही दोन सूत्रे त्यांनी मांडली. दुसरे सूत्र ऐकून आपल्याला ‘बहुजन हिताय’ आठवते, ते साहजिक आहे. पण आठवणे वेगळे आणि पुरावा वेगळा. बोधिधम्माने कुंग फू शोधले हा मोबाईलवर फिरणारा मजकूरही असाच, त्याला ऐतिहासिक आधार सापडत नाही. बुद्धाचे अनुयायी म्हणवून घेणाऱ्यांनी तरी तपासून बोलावे.

भारतात ज्युदो आला तोही शिक्षणाच्या वाटेने. रवींद्रनाथ टागोरांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात आणले आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला लावले. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन शांतिनिकेतनात ज्युदो शिकल्या होत्या. म्हणजे भारतीय मुलीने ज्युदो शिकावा, ही कल्पना आज शंभरीला आली आहे.

बाईला किती वर चढू द्यायचे

ज्युदो सौम्य मार्ग असला, तरी बायकांच्या वाट्याला तो फार सौम्य आला नाही. कानोंनी स्त्रियांना शिकवले, त्यांच्या कोदोकान संस्थेत 1926 मध्ये महिलांचा विभाग निघाला, पण स्पर्धा त्यांच्यासाठी नव्हत्या. केइको फुकुदा यांची गोष्ट पाहा. त्या खुद्द कानोंच्या गुरूंची नात. 1953 मध्ये त्यांना पाचवा दान मिळाला. दान म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पुढची पायरी. बाईला पाचव्याच्या वर न्यायचेच नाही असा दंडक होता, म्हणून त्या तिथेच थांबल्या. सहावा दान मिळायला 1972 उजाडले, तोही बराच आवाज उठवल्यावर. पुढे 2011 मध्ये अमेरिकी ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला, तेव्हा त्या 98 वर्षांच्या होत्या. कर्तृत्व मान्य, पायरी मात्र ठरलेली, त्याच्या वर पाऊल टाकायचे नाही. ही पद्धत आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. जपानमध्ये बाईच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध एक पांढरी रेघ असायची. पुरुषाच्या पट्ट्यावर ती नसे. ती रेघ 2017 मध्ये गेली.

अमेरिकेत रस्टी कानोकोगी या बाईने 1959 मध्ये पुरुष असल्याचे भासवून वायएमसीएच्या स्पर्धेत लढत दिली आणि जिंकली. बाई असल्याचे कळल्यावर तिचे पदक काढून घेतले गेले. याच रस्टीने पुढे घर गहाण टाकून पैसा उभा केला आणि 1980 मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली. पुरुषांचा ज्युदो 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला होता. महिलांना पदकासाठी खेळायला 1992 च्या बार्सिलोनापर्यंत थांबावे लागले. वायएमसीएने रस्टीला तिचे पदक 2009 मध्ये परत केले, त्याच वर्षी ती वारली.

सुशीला देवीची वाट

आता खरी कारकीर्द कशी दिसते ते पाहू. लिक्माबाम सुशीला देवीचा जन्म 1 फेब्रुवारी 1995 चा, इंफाळजवळच्या हैंगांगचा. तिचे काका दिनित स्वतः ज्युदो खेळाडू. डिसेंबर 2002 मध्ये, म्हणजे सुशीला आठ वर्षांचीही नसताना, त्यांनी तिला इंफाळच्या खुमान लंपाक क्रीडासंकुलात नेले. मोठा भाऊही खेळायचा, दोघे सायकलवर जायचे. पुढे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे इंफाळमधले केंद्र, त्यानंतर पटियाळा, प्रशिक्षक जीवन शर्मा. 2014 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 48 किलो गटात ती अंतिम फेरीत पोचली, स्कॉटलंडच्या किंबर्ली रेनिक्सकडून हरली आणि रौप्यपदक घेऊन आली. वय 19.

पहिल्या दिवसापासून या पदकापर्यंत साडेअकरा वर्षे गेली, हे पालकांनी लक्षात ठेवावे. आणि या साडेअकरा वर्षांत काय काय जागेवर होते तेही पाहावे. घरातच खेळाची माहिती असलेला माणूस होता, सायकलच्या अंतरावर मॅट होती, भाऊ सोबत होता, म्हणून मुलगी एकटी कशी जाणार हा प्रश्न उठला नाही. त्यानंतर सरकारी केंद्राने जेवण, निवास आणि प्रशिक्षण उचलले. जिद्द हा शब्द आम्ही मुद्दाम शेवटी ठेवत आहोत. जिद्द येरवड्याच्या मुलीतही आहे. तिच्याकडे सायकलच्या अंतरावर मॅट नाही.

पुढची वाट सरळ नव्हती. 2018 मध्ये मांडीचा स्नायू दुखावला आणि आशियाई स्पर्धा हुकल्या. राष्ट्रकुलचा आधार घ्यावा तर 2018 च्या गोल्ड कोस्ट स्पर्धेत ज्युदो नव्हताच, कारण तिथे तो कायमचा खेळ नाही, यजमानाच्या मर्जीवर असतो. त्यातून ती उठली, हाँगकाँगच्या ओपन स्पर्धेत रौप्य मिळवले, 2019 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले. परदेशातल्या स्पर्धांचा खर्च भागवण्यासाठी तिने स्वतःची गाडी विकल्याचे त्या काळात वर्तमानपत्रांतून छापून आले. एप्रिल 2021 मध्ये किरगिझस्तानमधल्या पात्रता स्पर्धेला भारतीय संघ गेला आणि दोन खेळाडू करोनाबाधित निघाल्याने सगळ्या संघालाच माघार घ्यावी लागली. ऑलिंपिक गेले असे वाटत असताना आशियाच्या कोट्यातून तिला जागा मिळाली.

24 जुलै 2021 ला टोकियोत ती हंगेरीच्या एव्हा चेर्नोविच्की हिच्याकडून पहिल्याच लढतीत हरली. समोरची लंडन ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती होती. टीव्हीवर पाहणाऱ्यांना दोनतीन मिनिटांचा खेळ दिसला आणि बरेच जण म्हणाले, हरायलाच गेली होती का? एका वर्षाने, ऑगस्ट 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीच मुलगी पुन्हा अंतिम फेरीत होती. दक्षिण आफ्रिकेच्या मिकेला व्हाइटबोईने गोल्डन स्कोअरमध्ये तिला हरवले. दुसरे रौप्य. पहिल्या आणि दुसऱ्या पदकात आठ वर्षांचे अंतर. हा सगळा काळ ती टिकली त्यामागे मणिपूर पोलिसातली नोकरी हे एक मोठे कारण आहे. नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: पदक मिळाले की नोकरी, इतके सरळ नाही. नोकरी लागते तेव्हा पुढची दहा वर्षे खेळता येते.

त्याच बर्मिंगहॅममध्ये तुलिका मानने 78 किलोवरील गटात रौप्य घेतले. वडील लहानपणीच गेले, त्यांचा खून झाला होता. आईने दिल्ली पोलिसातली नोकरी करत एकटीने वाढवले. पॅरिस ऑलिंपिकला पोचलेली ती एकटी भारतीय ज्युदो खेळाडू. तिथे क्यूबाच्या इदालिस ओर्तिसने तिला 28 सेकंदांत हरवले. ओर्तिसकडे आधीच चार ऑलिंपिक पदके होती. 2014 आणि 2022 या दोन राष्ट्रकुल स्पर्धांत मिळून भारताला ज्युदोत सात पदके मिळाली, त्यांपैकी पाच महिलांची आहेत. हे फारसे कुणी सांगत नाही.

एकच खेळाडू का जाते?

टोकियोला एक, पॅरिसला एक. असे का, हे समजून घेतले तर खेळातला पैशाचा भाग उघडा होतो. ऑलिंपिकला जायचे तर जागतिक क्रमवारीत वर असावे लागते. प्रत्येक वजनगटातल्या वरच्या सतरा-अठरा जणींना थेट प्रवेश असतो. क्रमवारी गुणांवर ठरते आणि गुण स्पर्धा खेळून मिळतात. जागतिक स्पर्धा जिंकली तर 2000, ग्रँड स्लॅमला 1000, ग्रँड प्रीला 700, खंडीय ओपनला 100. या स्पर्धा पॅरिस, टोकियो, ताश्कंद, अबुधाबी अशा ठिकाणी होतात, आणि दोन वर्षे सतत फिरत राहावे लागते. विमान, हॉटेल, प्रवेशशुल्क, सोबत प्रशिक्षक. फ्रान्स किंवा जपानची मुलगी वर्षात अनेकदा मॅटवर उतरते. आपली दोनतीनदा गेली तरी नशीब.

थेट प्रवेश हुकला की राहतो खंडाचा कोटा, आणि त्यातून एका देशाला एकच खेळाडू पाठवता येते, स्त्री-पुरुष दोन्ही मिळून एक. आपल्याकडून एकच जाते ती यामुळे. त्यात भारतीय ज्युदो महासंघाचे वाद कोर्टात गेले आणि 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. पदाधिकारी भांडतात, वर्षे खेळाडूची जातात.

सिटी ऑफ गॉडची मुलगी

आमच्या वाचकांनी ज्या खेळाडूचे नाव पाठ करावे असे आम्हाला वाटते, ती राफाएला सिल्वा आहे. ब्राझीलमधल्या रिओ शहरातल्या ‘सिदाजी जी देउस’ या वस्तीत ती वाढली. त्या नावाचा अर्थ देवाचे शहर. या वस्तीवर सिनेमा निघाला, तो टोळ्या आणि बंदुकांसाठी गाजला. कृष्णवर्णीय, गरीब घरातली, रस्त्यावर मारामाऱ्या करणारी पोरगी. आईवडिलांनी तिला आणि तिच्या बहिणीला वस्तीतच चालणाऱ्या ज्युदोच्या वर्गात घातले. तिथे जेराल्दो बेर्नार्देस हे मुरलेले प्रशिक्षक शिकवत. पुढे हे काम ‘इन्स्तितुतो रेआसाओ’ या संस्थेच्या नावाने वाढले. ही संस्था 2004 चा ऑलिंपिक कांस्यपदक विजेता फ्लाव्हियो कांतो याने उभी केली.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये राफाएलाने समोरचीचा पाय हाताने धरला. तो डाव नव्या नियमाने बंद झालेला होता, तिला बाद केले गेले. त्या रात्री तिच्या फोनवर तिच्याच देशातल्या लोकांनी तिला माकड म्हटले, तुझी जागा पिंजऱ्यात आहे असे लिहिले. चूक एका डावाची, शिवी कातडीला. आपल्या मुलांना परीक्षेत कमी गुण पडले की लोक कशावर बोट ठेवतात, हे आपण जाणतोच. ती खेळ सोडायला निघाली होती. प्रशिक्षक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी तिला धरून ठेवले. 2013 मध्ये ती जगज्जेती झाली. 2016 च्या ऑगस्टमध्ये, जिथे ती जन्मली त्याच रिओ शहरात, 57 किलो गटात तिने सुवर्ण जिंकले. त्या ऑलिंपिकमधले ब्राझीलचे ते पहिले सुवर्ण होते.

तिची गोष्ट इथे थांबवली तर अर्धी सांगितल्यासारखे होईल. 2019 मध्ये ती उत्तेजक चाचणीत सापडली. दम्याच्या औषधातला घटक निघाला, दोन वर्षांची बंदी आली, टोकियो हुकले. ती परतली, 2022 मध्ये पुन्हा जगज्जेती झाली आणि पॅरिसमध्ये संघासोबत कांस्य घेतले. मुलगी राज्य पातळीच्या वर खेळायला लागली की साध्या खोकल्याचे औषधही डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे सांगूनच घ्यायचे, हे यातून घेण्यासारखे.

आणखी एक उदाहरण, थोडक्यात. कोसोव्हो हा देश लोकसंख्येने पुणे शहराच्या निम्म्याच्या आसपास. पेया नावाच्या गावात द्रितोन कुका या प्रशिक्षकाने आपल्या गल्लीत ज्युदोचा वर्ग चालवला. युगोस्लाव्हिया फुटताना त्याची स्वतःची ऑलिंपिकची संधी गेली होती. त्याच्याच वर्गातल्या मायलिंदा केल्मेंदीने 2016 मध्ये देशाचे पहिले ऑलिंपिक पदक जिंकले, तेही सुवर्ण. पॅरिसपर्यंत कोसोव्होची ऑलिंपिक पदके झाली पाच. पाचही ज्युदोतली, पाचही महिलांची. एक माणूस, एक हॉल.

पुण्यात काय करता येईल

म्हणून आम्ही हॉलवर येतो. आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत, महापालिकेचे हॉल आहेत. रविवारची वंदना, जयंतीची बैठक, लग्न, वाढदिवस सोडले तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी त्यातले बरेच कुलूपबंद असतात. आपला कुठलाही हॉल कानोंच्या बारा चटयांहून मोठाच भरेल. अधिकृत लढतीचे मैदान किमान आठ मीटर बाय आठ मीटर लागते, पण पहिली चार वर्षे मुलीला मैदान लागत नाही, सुरक्षित मॅट लागते. साध्या फरशीवर सतरंजी टाकून ज्युदो शिकवू देऊ नका. मान आणि डोके यांच्याशी खेळ नको. मॅट महाग असतात. त्या एका घराच्या आवाक्यातल्या नाहीत, पण जयंतीच्या वर्गणीचा काही भाग दोन वर्षे बाजूला काढणाऱ्या मंडळाच्या आवाक्यात नक्की आहेत. डीजेच्या खर्चाशी तुलना करायचा मोह आम्ही आवरतो. तुम्ही मनातल्या मनात करा.

मॅट आणि प्रशिक्षक मिळाले की पुढचा रस्ता सरकारी आणि ठरलेला आहे. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत ज्युदो असतो: आधी जिल्हा, मग विभाग, राज्य, राष्ट्रीय. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, निमलष्करी दले खेळाडू घेतात. पण इथेच बाजारही बसला आहे. महाराष्ट्रात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणे उघडकीला आली आणि पडताळणी कडक झाली. पैसे भरा, शेजारच्या देशात जा, ‘आंतरराष्ट्रीय सुवर्ण’ घेऊन या, असे सांगणाऱ्या संघटना कमी नाहीत. असले पदक पडताळणीत टिकत नाही आणि मुलीची दोन वर्षे जातात. पैसे भरण्यापूर्वी त्या स्पर्धेला शासनाची मान्यता आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी विचारा. खऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निकाल आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या संकेतस्थळावर खेळाडूच्या नावासकट सापडतो.

दोन गोष्टी आयांशी बोलायच्या. एक, वजन. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन होते आणि खालच्या गटात बसण्यासाठी मुली पाणी तोडतात, उपाशी राहतात. वाढीच्या वयात, पाळी नुकती सुरू झालेली असताना हे चालू देऊ नका. आपल्या मुलींत रक्त कमी असणे आधीच नेहमीचे. वरच्या गटात खेळली तर काही बिघडत नाही. दोन, सुरक्षितता. जपानसारख्या देशात, ज्युदोच्या माहेरात, राष्ट्रीय संघातल्या 15 महिलांनी मुख्य प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध एकत्र तक्रार केली, तेव्हा कुठे 2013 मध्ये त्याला जावे लागले. आपल्याकडे 2023 मध्ये कुस्तीतल्या मुलींना जंतरमंतरवर बसावे लागले. वर्ग हॉलमध्ये असावा, दार उघडे असावे, एखादी आई किंवा ताई रोज आळीपाळीने तिथे बसावी. शक्य असेल तिथे शिकवणारी बाई असावी. मारून शिकवणारा प्रशिक्षक चांगला असतो, ही समजूत आपल्या पिढीने सोडून द्यावी.

लग्नाचा प्रश्न राहिला. फ्रान्सच्या क्लारिस आग्बेन्येनू हिने टोकियोत सुवर्ण जिंकले, 2022 मध्ये तिला मुलगी झाली, 2023 मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली आणि पॅरिसमध्ये तिने कांस्य घेतले. तिच्यामागे तिचा देश उभा होता, हे खरे. पण हाडे आणि गर्भाशय याबद्दल जी भीती घरोघरी घातली जाते, तिला हे उत्तर पुरेसे आहे.

क्लास निवडताना एक खूण सांगतो. ज्युदोत सर्वांत आधी ‘उकेमी’ शिकवतात, म्हणजे पडायचे कसे: हनुवटी छातीला लावून, हात जमिनीवर थापून, डोके न आपटता. मागे, बाजूला, पुढे, शेकडो वेळा. पहिल्या महिन्यात मुलगी घरी येऊन कंटाळून म्हणाली की सर नुसते पडायलाच शिकवतात, तर फी भरा. पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी उचलून आपटल्याचा व्हिडिओ घेऊन आली, तर दुसरा क्लास बघा.